सातची मिस्सा, नऊची मिस्सा

क्लेटन्स फेरी, आयोवा
४ मार्च २०१६

प्रिय बर्नी,

तुझं कार्ड मिळालं. पत्रपेटीत विजेचं बिल आणि बियाण्यांचा कॅटलॉग यांच्या मध्ये होतं. चित्र निवडुंगाचं. उलटं केलं, अक्षर ओळखलं आणि मी तशीच बर्फात उभी राहिले, घरातल्या सपाता घालून. एकोणचाळीस वर्षांनी तुझा शब्द आला, तोही निवडुंगाच्या पाठीवर.

"आधी कचेरीत मारलंस त्याला, मग चर्चमध्ये मारलंस, आता पत्रकातूनही पुसलंस. झालं समाधान?"

बर्नी, या खेपेला मी नव्हते गं. आपल्याकडे नवे फादर आलेत, फादर ओनुओरा, नायजेरियाचे. सज्जन आहेत, पण बर्फावरून चालताना भिंत धरतात. कोणत्या दिवशी कुणासाठी मिस्सेची प्रार्थना, त्याचं मार्च महिन्याचं पत्रक त्यांनी पहिल्यांदाच तयार केलं. एकोणीस तारखेपुढे त्यांना दोन ओळी दिसल्या. सकाळी सात: क्लेमंट थाइसन सुखरूप परत यावा म्हणून. सकाळी नऊ: क्लेमंट थाइसनच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. टाइप करणाऱ्याची चूक झाली असेल असं समजून त्यांनी वरची ओळ काढून टाकली.

तुझं कार्ड हातात घेऊनच मी त्यांच्याकडे गेले.

"मिसेस क्रेस, हा एकच माणूस ना?" त्यांनी विचारलं.

"एकच, फादर."

"मग सातला जिवंत आणि नऊला मेलेला कसा?"

"या गावात तो बरीच वर्षं तसाच आहे," मी म्हटलं. मग त्यांना सगळं सांगितलं. अडुसष्ट साली, व्हिएतनामच्या युद्धात, लाओसवर त्याचं विमान पडलं, तो मिळाला नाही, त्याचा देहही मिळाला नाही. सातची मिस्सा त्याची बहीण सांगते. नऊची मी. मी त्याची बायको होते.

"आणि तुम्ही दोघी एकमेकींशी..."

"नाही बोलत."

फादरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझी आजी अशा दोघींना एका खोलीत घालून बाहेरून कडी लावायची."

"एक ॲरिझोनात राहते, फादर. खोली फार मोठी लागेल."

ते हसले, पण ओळ परत घातली. सुधारलेलं पत्रक सोबत पाठवते आहे. नीट बघ, तुझी ओळ वर आहे.

पत्रात आधी समोरच्याची तब्येत विचारावी असं सिस्टर पर्पेचुआ शिकवायच्या. माझं ते शेवटी राहिलं. तुझे गुडघे कसे आहेत?

लिओना


२० मार्च २०१६

प्रिय बर्नी,

काल दोन्ही मिस्सा झाल्या. क्लेम काल पंच्याहत्तर वर्षांचा झाला असता. किंवा झाला. तू म्हणशील तसं.

सातला चर्च गार होतं, भट्टी उशिरा पेटली. फादरांनी त्याचं नाव अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. 'सुखरूप' म्हणताना त्यांनी वर बघितलं. डाव्या बाजूची मेणबत्ती सारखी विझत होती. असं ऐकलं मी.

नऊला नेहमीचीच माणसं होती. नंतर तळघरात कॉफी आणि हॅमचे सँडविच. एडना फ्रीडमनने ऱ्हुबार्बच्या देठांचा गोड पाई भाजून आणला होता, खालून कच्चा. तिच्या हातचा पाई चाळीस वर्षं कच्चाच निघतो आणि चाळीस वर्षं आपण छान म्हणतो.

नदीवरचा बर्फ फुटला. आवाज घरापर्यंत आला. आठवतं, शाळेत असताना हा आवाज आला की सिस्टर पर्पेचुआ भूगोल थांबवून आपल्याला खिडकीशी उभं करायच्या? तू माझी वेणी बाकाला बांधली होतीस आणि सगळ्या मुली खिडकीशी गेल्या तरी मी जागची उठू शकत नव्हते. त्याच दुपारी शिक्षा म्हणून तू मला घरी चहाला नेलंस आणि दार क्लेमने उघडलं. त्याच्या हातात अर्धी सोललेली काकडी होती.

मला तुझ्याशी आणखी एक बोलायचं आहे. आज धीर होत नाही.

लिओना


११ एप्रिल २०१६

प्रिय बर्नी,

धीर गोळा करायला तीन आठवडे गेले.

हवाई दलाच्या कचेरीतून मिसेस ओडेल म्हणून एक बाई मला फोन करतात. मला फोन करण्याचं त्यांना कारण नाही. दुसरं लग्न करून मी क्रेस झाले त्या दिवशी क्लेमच्या कागदांवरून माझं नाव गेलं. त्या करतात त्या भलेपणाने. तू त्यांचा फोन तीनदा आपटलास, असं त्या म्हणाल्या. आपटलास असं नाही, "संपर्क तुटला" असं. पण मी तुला ओळखते.

तुला त्यांनी सांगितलं असेलच, तरी मी लिहिते. पूर्ण ऐकायच्या आत तू फोन ठेवला असशील.

लाओसमधल्या त्या डोंगरावर दोन उन्हाळे खणलं. माती बादलीने वर आणून चाळणीतून चाळली. धातूचे तुकडे मिळाले, एका चेनचा भाग मिळाला आणि एक हाड मिळालं. करंगळीपेक्षा लहान. विमानात दोघे होते, क्लेम आणि वेंडेल प्रॅथर. वेंडेल आठवतो ना? क्लेमच्या पत्रात असायचा, सगळा वेळ बेसूर शिट्टी वाजवणारा. त्याची बहीण ऑपल कॅन्ससमध्ये असते. तिने पहिल्याच निरोपाला आपला लाळेचा नमुना पाठवला. जुळला नाही. जुळला नाही हे ऐकून ती फोनवर रडली, असं मिसेस ओडेल म्हणाल्या.

आता उरला क्लेम. आणि त्यासाठी आईकडून आलेलं रक्त लागतं. बायकोचं चालत नाही. चाललं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. तुमच्या आईला बहीण नव्हती. जगात ते रक्त फक्त तुझ्यात आहे, बर्नी.

त्यांनी तुला एक पाकीट पाठवलंय. आत कापसाची काडी आहे. ती गालाच्या आतून फिरवायची, डबीत ठेवायची आणि पोस्टात टाकायची. तिकीट लावलेलं आहे.

एवढंच मागणं आहे. रागावू नकोस असं लिहीत नाही.

लिओना


९ मे २०१६

प्रिय बर्नी,

तुझं पत्र वाचलं. पाकीट तू स्वयंपाकघरातल्या खणात कूपनांच्या खाली टाकलंस, आणि ते तिथेच राहणार. बरं.

"एवढंसं हाड देतील आणि अख्खा भाऊ घेऊन जातील. तुला काय त्याचं. तुझं दुसरं घर झालं."

झालं, बर्नी. माफी मागायला मी हे लिहीत नाही. नॉर्बर्टशी लग्न केलं त्याची मला कधी लाज वाटली नाही. खिळे, कुलुपं आणि रंगाचे डबे विकणारा साधा माणूस. पियानोवर क्लेमचा फोटो होता, तो नॉर्बर्ट स्वतः पुसायचा. मी पुसताना रडते म्हणून. त्याला जाऊन आता चार वर्षं झाली. माझं दुसरं घरही आता शांतच आहे. संध्याकाळी भट्टी सुरू झाली की पाइप ठोकल्यासारखे वाजतात आणि मी "कोण?" म्हणते.

त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी मात्र तू विसरली नसशील. व्हिएतनाममधले कैदी सुटून आले ते आपण दोघींनी तुझ्या आईच्या दिवाणखान्यात टीव्हीवर बघितलं. विमानाचं दार उघडायचं, एकेक जण शिडी उतरायचा, सलाम करायचा. तू माझा हात धरला होतास. प्रत्येक माणसाला तू आधी "हा!" म्हणायचीस आणि मग "नाही, खांदे रुंद आहेत." मग पुढचा. "हा! नाही, हा लंगडतोय." मग तू म्हणालीस, "लंगडत असला तर काय झालं, लंगडू दे." आई किटली गॅसवर ठेवून विसरली आणि ती करपली. पुढचं विमान आलं, त्याच्या पुढचं आलं. शेवटी बातम्या देणाऱ्याने सगळे उतरले असं सांगितलं तरी तू टीव्ही बंद करू दिला नाहीस. हवामान झालं, डुकरांचे भाव झाले.

त्या दिवशी आपल्या दोघींना एकच गोष्ट दिसली, बर्नी. तू म्हणालीस, "म्हणजे तो अजून तिथेच आहे." मी काही म्हटलं नाही. आपण तिथे वेगळ्या झालो. त्याला मृत ठरवायला मी कचेरीत केलेली सही, शांतीची मिस्सा, तुझं मधूनच उठून जाणं, दार आपटणं, हे सगळं नंतरचं.

पाकीट खणातच असू दे. फेकू नकोस एवढं कर.

लिओना


१७ सप्टेंबर २०१६

प्रिय बर्नी,

उन्हाळाभर तू गप्प. मीही गप्प राहिले.

काल बेपत्ता सैनिकांचा आणि युद्धकैद्यांचा दिवस होता. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये नेहमीसारखं ते रिकाम्या खुर्चीचं टेबल मीच मांडलं. कुणीतरी तुला हे आधीच कळवलेलं दिसतंय, कारण काल सकाळीच तुझं कार्ड आलं: "ज्याला मेला म्हणतेस त्याचं पान वाढतेस? ढोंग कर, पण नीट कर." या खेपेला चित्र विंचवाचं होतं. तुमच्याकडे फुलं होत नाहीत का गं?

मी टेबलावर पांढरं कापड घातलं. एक गुलाब. बशीत लिंबाची फोड, नशीब आंबट म्हणून. चिमूटभर मीठ, घरच्यांच्या डोळ्यांतलं. पेला पालथा, कारण ते आज आपल्याबरोबर पिऊ शकत नाहीत. मेणबत्ती. खुर्ची कलती ठेवून.

या वर्षी सूचना वाचायचं काम हँक वेलूकडे होतं. त्याने सगळं वाचलं, मग खुर्चीकडे बघून हळूच मला म्हणाला, "लिओना, आज क्लेमसाठी की सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी असतं ते, हँक."

"हो, पण तू पेला पुसतेस किती वेळ."

जेवण झाल्यावर माणसं गेली. आवरताना मी पेला उचलला आणि सवयीने सरळ ठेवला. मग वाटलं, आज तरी असाच राहू दे. मग परत पालथा केला. तुला ढोंग वाटो. त्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून मी तिच्या शेजारी बसून राहिले, आणि दिवे मालवायला आलेल्या हँकला वाटलं माझी तब्येत बिघडली.

लिओना


३ ऑक्टोबर २०१६

प्रिय बर्नी,

म्हणजे फादर ओनुओरांनी तुला फोन केला. पुढच्या मार्चची सातची मिस्सा ठेवायची की नाही हे विचारायला. आणि बोलता बोलता म्हणाले, की ठेवाच, कारण सातलाही एक बाई असतात, नऊला असतात त्याच. तो माणूस निष्पाप आहे. मी त्यांना गुपित म्हणून कधी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या कार्डावर एकच ओळ आहे. "तू सातला तिथे काय करतेस?" चित्र नाही, कोरं कार्ड. त्यामुळे हे नीट सांगायला हवं.

तू गावात होतीस तोवर सातला तू असायचीस, पहिल्या बाकावर, एकटी. मी तेव्हा कधी आले नाही. तू ॲरिझोनाला गेलीस त्या वर्षीही पत्रकात तुझी ओळ आलीच. मला वाटलं, म्हातारे फादर रिकाम्या बाकांपुढे उभे राहून क्लेमचं नाव घेणार. ते काही मला सहन झालं नाही. म्हणून गेले. तुझ्या जागी नाही बसले, मागून चौथ्या बाकावर बसले. पहिल्या वर्षी तुझ्यासाठी गेले.

दुसऱ्या वर्षी कुणासाठी गेले ते सांगते. फादर म्हणाले, सुखरूप परत यावा म्हणून. आणि मीही म्हटलं. तोंडाने नाही, खरंच म्हटलं. यावा. दार उघडावं आणि यावा, म्हातारा होऊन, लंगडत, कसाही. आणि त्याच क्षणी हात गार पडले, की आला तर नऊ वाजता मी नॉर्बर्टला काय सांगणार? बर्नी, तू चाळीस वर्षं एकच प्रार्थना केलीस. मी एका सकाळी दोन करते, आणि दोन्ही खऱ्या.

नॉर्बर्टला ठाऊक होतं. एकोणीस मार्चला तो लवकर उठून गाडी सुरू करून गरम करून ठेवायचा. कुठे निघालीस, एकदासुद्धा विचारलं नाही. काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि आत जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायचा. तो गेल्यावर पहिल्या मार्चला काच मी स्वतः खरवडली, तेव्हा मला कळलं की त्याला किती वेळ लागत असेल.

सात आणि नऊच्या मधले ते तास मी तळघरात काढते, कॉफीच्या मोठ्या भांड्याजवळ. घरी जाऊन परत यायला जमत नाही. तिथे खाली बसलेली असताना क्लेम जिवंत नसतो आणि मेलेलाही नसतो. वर कुणीतरी खुर्च्या सरकवत असतं. त्या बसण्याने मी दमले आहे, बर्नी. तूही दमली असशील. तू कधी म्हणणार नाहीस.

आणि एक. तुझा भाऊ तुझ्याकडून कुणी घेऊन जाणार नाही. गेला तो अडुसष्टच्या डिसेंबरात गेला. राहिलंय तेवढं तरी त्या डोंगरावरून आपल्या घरी यावं. बोलावणं फक्त तुझंच चालतं.

लिओना


२१ ऑक्टोबर २०१६

बर्नी,

आत्ता मिसेस ओडेलचा फोन आला. पाकीट पोचलं म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हे लिहिते आहे. नंतर सविस्तर लिहीन.

लि.


६ मे २०१७

प्रिय बर्नी,

फोनवर आपण दोघी फारसं बोललो नाही, म्हणून लिहिते. मिसेस ओडेलनी आधी तुला कळवलं हे बरोबर झालं. तू मला फोन केलास, "जुळलं," म्हणालीस, आणि मग आपण दोघी किती वेळ नुसत्या फोन धरून होतो. तुझ्या घरातलं घड्याळ मला ऐकू येत होतं. ते आईचंच ना, कोकिळेचं? अजून मागे पडतं.

ठेवण्याआधी तू म्हणालीस, "मला वर्तुळ हवं होतं, लिओना."

वॉशिंग्टनला त्या युद्धातल्यांची नावं कोरलेल्या काळ्या भिंतीवर त्याच्या नावाशेजारी बेपत्त्याचं अधिकचं चिन्ह आहे. आता त्याच्यावर चौकट खोदतील. जिवंत परतला असता तर भोवती वर्तुळ काढलं असतं. तसं वर्तुळ आजवर एकाही नावाभोवती काढायला मिळालेलं नाही. मलाही हवं होतं गं. त्या भिंतीपुढे मी एकदाच गेले आणि बोटाने काढून बघितलं होतं.

जागेबद्दल तू विचारलंस. आईबाबांच्या शेजारीच ठेव. मी अठ्ठ्याहत्तर साली नावाचा दगड लावला तो काढून टाकायला माझी हरकत नाही. माझी जागा नॉर्बर्टजवळ आहे, टेकडीच्या पलीकडे. तिथून हा कोपरा दिसत नाही, पण चर्चची घंटा दोन्हीकडे सारखीच ऐकू येते.

उतरायला माझ्याकडे ये. वरची खोली झाडून ठेवली आहे. नाही म्हणालीस तरी चादर घातलेली आहे.

लिओना


२ जुलै २०१७

प्रिय बर्नी,

तू गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. तू न्हाणीघरात विसरलेला चष्मा पोस्टाने पाठवते आहे.

लोक अजून रस्त्यात थांबवून बोलतात. पुलापासून चर्चपर्यंत माणसं झेंडे धरून उभी होती, ज्यांनी क्लेमला कधी बघितलंही नाही अशी. एडनाने पाच पाई केले. पाचही कच्चे.

मला मात्र मिरवणुकीपेक्षा आदल्या दिवशीची दुपार आठवते. शवपेटीचं झाकण उघडलं तेव्हा आत पूर्ण गणवेश होता, इस्त्री केलेला, पदकं लावलेली, बाह्या सरळ. आणि त्याच्याखाली घोंगडीत गुंडाळलेलं ते एवढंसं. तिथला अधिकारी बिचारा श्वास रोखून उभा होता, या दोन म्हाताऱ्यांचं आता काय होणार म्हणून. तू वाकलीस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालीस, "टाय वाकडा आहे."

मी म्हटलं, "त्याचा नेहमीच असायचा."

"तुझ्या लग्नातसुद्धा."

"माझ्या लग्नात तू बांधला होतास."

आणि तू हसलीस. पोटातून, शाळेत हसायचीस तशी, ज्यासाठी सिस्टर पर्पेचुआ आपल्याला वेगवेगळ्या बाकांवर बसवायच्या. तो अधिकारी बाहेर निघून गेला. मग तू टाय सरळ केलास, आणि हात तिथेच ठेवून दिलास, आणि मग हसू थांबलं.

दफनाच्या वेळी मी मागेच उभी होते, शेजाऱ्यांत. माझी जागा तीच होती. मंडपाखाली घरच्यांच्या खुर्च्या होत्या आणि त्यांत तू एकटी बसली होतीस, पाठ ताठ करून. तू मान न वळवता सगळ्या गावासमोर ओरडलीस, "लिओना! इथे येऊन बस. मला एकटीला एवढ्या खुर्च्या काय करायच्यात?" मी आले. शवपेटीवरचा झेंडा घडी करून त्यांनी तुझ्या हातात दिला, तो तुझाच होता. घडी मांडीवर ठेवून तू तिचं एक टोक माझ्या हाताखाली सरकवलंस. कुणाला दिसलं नसेल.

तिकडे पोचलीस की कळव. गुडघ्याला शेक दे.

लिओना


१९ मार्च २०१८

प्रिय बर्नी,

आज त्याचा पहिला वाढदिवस, ज्या दिवशी तो कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात फादर ओनुओरा माझ्याकडे आले होते. बर्फावरून आता बरे चालतात. हातात तुझा कागद होता.

"मिसेस क्रेस, मिस थाइसननी नऊची मिस्सा सांगितली आहे. 'क्लेमंट थाइसन, घरी आल्याबद्दल.' हे आत्म्याच्या शांतीचं धरायचं, की आभाराचं?"

"जसं लिहिलंय तसं वाचा, फादर."

"आणि सातला आता कुणीच नाही. ती ओळ काढू? या खेपेला विचारून काढतो."

मी त्यांना बसायला सांगितलं, कॉफी दिली. मग तुला फोन केला आणि सातसाठी एक नाव सुचवलं, आठवतं? तू म्हणालीस, "आपण त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही."

"शिट्टी बेसूर वाजवायचा," मी म्हटलं.

"मग लिहायला सांग. आणि त्याच्या बहिणीला विचार आधी."

ऑपल प्रॅथरला मी फोन केला. आवाजावरून माझ्याहून म्हातारी वाटली. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "आम्ही बाप्टिस्ट आहोत. तुमच्यात असं करतात ते मला कळत नाही." मी म्हटलं, कळायला नकोच. मग तिने विचारलं, "पण नाव मोठ्याने वाचतात का?" वाचतात म्हटलं. "मग वाचा," ती म्हणाली.

आज सकाळी काच मी खरवडली. चर्च गार होतं, भट्टी उशिरा पेटली. चौथ्या बाकावर मी एकटीच. फादरांनी सावकाश, अक्षरं सुटी करून वाचलं: वेंडेल प्रॅथर, सुखरूप परत यावा म्हणून. आपल्या चर्चमध्ये ते नाव पहिल्यांदाच ऐकू आलं. वर छतापर्यंत जाऊन परत आलं.

मी मागितलं. या वेळी हात गार पडले नाहीत. यावा, एवढंच म्हटलं. कॅन्ससमधलं दार कसं असेल ते मला ठाऊक नाही, म्हणून मी तुमच्या आईचंच दार डोळ्यांपुढे आणलं, हिरवं.

मग खाली कॉफीजवळ जाऊन बसले, नऊची वाट बघत. इथे सात वाजले तेव्हा तुझ्याकडे पाच वाजलेले असणार. बाहेर अंधार असेल. तू उठली होतीस ना गं?

लिओना